पिल्लांवाली मरळ

आमच्या गावचा पाझर तलाव वलगावहून दर्यापूरकडे जाणाऱ्या रस्त्यापासून आत, कपाशीच्या वावरांमध्ये आहे. फार मोठा नाही. पाळीवरून, म्हणजे बांधावरून, हाक मारली तर पलीकडच्या माणसाला ऐकू जाते. ग्रामपंचायतीने तो मासेमारीसाठी तीन वर्षांच्या कराराने आमच्या बायकांच्या बचत गटाला दिला, तेव्हा मी गटाची सचिव होते. मासे शिजवता येत होते, त्यापलीकडे माशांतलं मला काही कळत नव्हतं.

पहिल्या वर्षी रोहू आणि कतल्याची बोटुकली सोडली. बोटाएवढी पिल्लं अमरावतीहून ऑक्सिजन भरलेल्या पिशव्यांतून आली. पिशव्या आधी अर्धा तास पाण्यावर तरंगत ठेवायच्या आणि मगच सोडायच्या, हे गाडीवाल्याने शिकवलं. माघात जाळं ओढलं तर मासे बरे निघाले.

त्याच तलावावर एक म्हातारे भोई रोज सकाळी गरी टाकून बसत. बांबूची काठी, दोरा, आकडा आणि आकड्याला जिवंत बेडूक. धरत फक्त मरळ, म्हणजे सापासारख्या डोक्याचा तो काळा मासा. दोन मिळाल्या की उठून घरी. गावच्या नात्याने ते माझ्या सासऱ्यांच्या जागी, म्हणून मी त्यांना मामाजी म्हणते. ते मला सूनबाई म्हणतात.

गटाच्या बैठकीत विषय निघालाच.

"तो बुढा रोज दोन मरळी घेऊन जाते अन् आपून नुसतं पाहात राहाचं काय?"

"उद्या म्हणन, तलाव माह्याच बापाचा हाय!"

मलाही ते पटलं. आपण माशांचं बीज सोडायचं आणि मासे दुसऱ्याने न्यायचे, ही चोरीच. मी पत्र्याची पाटी रंगवून घेतली, 'येथे गरी टाकण्यास सक्त मनाई आहे', आणि पाळीवरच्या बाभळीला ठोकली. मामाजींनी ती सावकाश वाचली, दोरा काठीला गुंडाळला आणि निघून गेले. भांडले नाहीत. मला वाटलं, चला, मिटलं.

दुसऱ्या वर्षी बीज तितकंच सोडलं. माघात जाळं इतकं हलकं आलं की ओढणाऱ्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. चोरी म्हणावी तर दोघी-दोघी आळीपाळीने राखणीला बसत होत्या, आणि चोर कोणालाच दिसला नव्हता. पंचायतीतला एक सदस्य पाळीवर उभा राहून हसत म्हणाला, "वैनी, पुढच्या साली बी असंच निंगालं त तलाव ठेकेदाराले देऊन टाकू. तुमी पापडच लाटा." हातात एकच हंगाम उरला होता.

त्या दिवशी जाळ्यात एक मरळ आली होती, हातभर लांब आणि जाड. कोणी घेईना म्हणून मी घरी आणली. पोट चिरलं तर आत वीतभर रोहू, जवळजवळ अख्खा. मी विळी बाजूला ठेवली. पहिल्या वर्षी कोणी तरी रोज तलावातली मरळ कमी करत होतं आणि त्यालाच मी हाकललं होतं.

दुसऱ्या दिवशी मी मामाजींच्या ओट्यावर गेले.

"काहून आल्या सूनबाई? पाटीचा रंग उडला काय?"

"पाटी काढते. तुम्ही गरी टाका."

"तुमचं एवढं मोठं जाळं हाय ना?"

"जाळ्यात एकच आली."

"एकच येन. जाळं वरून जाते, मरळ गाळात दबून बसते. वैशाखात तलाव आटला तरी वल्या चिखलात जित्ती राह्यते. तिले बेडूकच पाह्यजे." मग म्हणाले, "येतो. पन बेडकं तुमच्या गटानं आनाची."

ज्यांनी त्यांना बुढा म्हटलं होतं, त्याच दोघी आषाढात पदर खोचून डबक्यांतून बेडकं पकडत होत्या. मामाजी पाळीवर बसून मोजून घेत आणि लहान निघालं की परत करत. "हे कोनं आनलं? हे त बेडकाचा नातू हाय."

मी रोज त्यांच्याजवळ बसून शिकले. ढगाळ, वारा पडलेली सकाळ मरळीसाठी उत्तम. ती हवा घ्यायला वर येते, बेशरमाच्या झुडपांजवळ पाणी हलतं, तिथून हातभर पुढे बेडूक टाकायचा आणि हळू ओढायचा. वारं सुटलं की पाण्यावर काही दिसत नाही, अशा दिवशी उगीच बसायचं नाही. महिनाभरात मरळी बऱ्याच निघाल्या. बीजाची गाडी सोमवारी यायची होती.

शनिवारी सकाळी बेशरमाजवळ पाण्यात लालसर ढग दिसला. मरळीची पिल्लं, शेकड्यांनी, आणि खाली ती स्वतः राखण करत होती. मामाजींनी गरी उचलून घेतली.

"टाका ना," मी म्हटलं.

"पिल्लांवाली हाय. पिल्लांवालीले आमच्यात धरत नाईत."

"मामाजी, ही सगळी वाढली तर सोमवारचं बीज यांच्या पोटात जाणार."

"जाईन तं जाईन. माह्या बापानं नाई धरली."

मी काठी त्यांच्या हातातून घेतली. पिल्लांवरची मरळ फार लवकर धावते, भुकेने नव्हे, रागाने. दुसऱ्याच फेकीला तिने बेडूक धरला. राखणारी गेल्यावर पिल्लं पांगली. दुपारपर्यंत बगळे तिथे उतरले होते. मामाजी काठी तिथेच सोडून घरी गेले. पाच दिवस आले नाहीत, आणि त्या मरळीचा वाटा पाठवला तो परत आला.

बीज वेळेवर सोडलं. माघात जाळं ओढताना काठावरच्या माणसांना हात लावायला बोलवावं लागलं. मामाजी गर्दीमागे उभे होते. जाळं काठाला लागल्यावर पुढे आले, एक रोहू उचलून हातात तोलला, "बरा हाय," म्हणाले आणि परत टाकला. करार पुढे चालू राहिला. पापडांवरून बोलणारा सदस्य पहिला मासा मागायला आला होता.

यंदाही आषाढात मामाजी गरी टाकतात. पिल्लांवाली दिसली की मला हाक मारतात, काठी माझ्या हातात देतात आणि माझं होईपर्यंत तलावाकडे पाठ करून बसतात.