एका उखळाची चटणी

जळकोटच्या बाजारगल्लीत गुरुपादप्पांची शेंगाचटणी सकाळी दहाला संपते. दिवसाला एकच उखळ कुटायचं, हा वडिलांपासूनचा रिवाज. नंतर गिऱ्हाईक आलं की अप्पा शेजारच्या महांतेशच्या दुकानाकडं बोट करतात. "तिकडली बी चांगली हाय."

यावर त्यांची बायको जगदेवी बावीस वर्षं धुसफुसत आली. दाणे भाजायचे तिनं, लसूण सोलायचा तिनं. "लक्षुमी दारात येती अन् हे तिला शेजाऱ्याचा पत्ता सांगतेत," ती येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायची. अप्पा हसायचे. "दोन पोटांना किती उखळं लागतेत?"

यंदा तिनं लातुरात गाळा शोधला. शिकवणीवर्गांच्या रस्त्यावर, समोर वसतिगृहं, मेसच्या जेवणाला विटलेली पोरं. यंत्रावर कुटायचं, डबे भरायचे, बिऱ्हाड तिकडंच न्यायचं. गाळा बघायला निघतानाच अप्पांनी नकार द्यायचं ठरवलं होतं. एसटी वाटेतल्या चाकूरला पोचेपर्यंत शब्दही जुळवून झाले.

गाळामालक दयानंद म्हणाला, "बोला अप्पा, घेणार का?"

अप्पांनी बायकोकडं पाहिलं. आता ही भांडेल, मग आपण न्हाई म्हणू. पण जगदेवी पदर सावरत म्हणाली, "हे म्हणतील तसं."

असं ती जन्मात बोलली नव्हती. जुळवलेले शब्द अप्पांना सापडेनात.

"घेतो," ते म्हणाले.

परतीच्या एसटीत अप्पांनी तिकिटं काढली. मग जगदेवी म्हणाली, "मला वाटलं, तुम्ही न्हाई म्हणताल."

"मंग तू गप का बसलीस?"

"दमले होते बोलून. अन् न्हाई म्हणायला तुम्ही होताच की." ती खिडकीबाहेर बघत राहिली. "यंत्रात दाण्याला तेल सुटत न्हाई म्हणतेत."

"हे आज सांगतीस?"

"आजच आठवलं."

गाळा नेमका कुणाला हवा होता, हे अप्पांना घर येईपर्यंत उमगलं नाही.

दुसऱ्या दिवशी दहाला चटणी संपली. पाठोपाठ गिऱ्हाईक आलं. अप्पांचं बोट सवयीनं उचललं गेलं, तोच आतून मुसळाचा आवाज आला. जगदेवीनं दुसऱ्यांदा उखळ भरलं होतं.

"हे कशाला गं?"

"माहीत न्हाई. हात चालला."

अप्पांनी बोट खाली घेतलं. "थांबा थोडं," ते गिऱ्हाईकाला म्हणाले. महांतेश आपल्या दुकानाच्या दारात उभा होता. त्यांनी तिकडं पाहिलं नाही.