मडक्यावरचं झाकण

हे मी आजवर कोणापाशी बोललो नाही. पोरापाशी नाही, देवापाशीही नाही. तुमच्यापाशी बोलून राह्यलो — काहून, ते मलेही सांगता येत नाही.

मी दुसरी शिकलो. पण रिसोडच्या बाजारात माह्या वांग्याले नाव ठेवायची कोणाची हिंमत नव्हती. मले कोणी काही शिकवलेलं खपत नसे — बायकोनं, अनसूयानं तर नाहीच.

एका आषाढात शेणखत उकरताना मांडुळाचं पिल्लू निघालं. करंगळीएवढं जाड, वीतभर लांब. शेपूट बोथट, म्हणून त्याले आपल्याकडं दोन तोंडं मानतात. घरी लक्ष्मी आली म्हणालो, नाल्याची रेती घालून मडक्यात ठेवलं. रोज कापसाच्या वातीनं दूध पाजायचो. आधी एका तोंडाले, मग दुसऱ्याले. हसू नका — शेपटीलेही दूध पाजलं मी.

अनसूया म्हणे, "अवो, ते काय वासरू हाये? उंदराचं पिल्लू द्या त्याले."

"तू त्याची माय हायेस काय?"

अन् मांडूळ वाढू लागलं. कात टाकली की मी सुतळीनं मोजून गाठ मारायचो. दिवाळीपर्यंत तीन गाठी. केनवडच्या हॉटेलात सुतळी काढून दाखवायचो — पाहा, दुधावर वाढवलं!

मग एक दिवस झाकण काढलं, तर त्याच्या तोंडातून उंदराची इवलीशी शेपटी लोंबत होती. मडक्यातली रेती बदलायचं काम अनसूयाचं. कोठीमागची उंदराची पिल्लं ती त्याले चारत होती. म्हणजे वाढवलं तिनं — हे मले त्याच घडीले कळलं. मग थांबवलं काहून? तिनं वाढवलं म्हणूनच. लक्ष्मीले उंदीर चारते म्हणून ओरडलो, तिले पोराची आन घातली. तिनं ती पाळली.

होळीपर्यंत ते सुकलं. कातडी सैल पडली, कणा दिसू लागला. दूध तोंडावरून ओघळून रेतीत जाई. ती मडक्याकडं पाही, मग माह्याकडं. मी वात पुन्हा दुधात बुडवायचो.

एका बाजाराच्या दिवशी ती सकाळी रेती बदलून वांगी विकायले गेली. दुपारी मी पाहिलं — मेलेलं. लिंबोणीखाली पुरलं. अन् झाकण तिरपं करून ठेवलं.

ती आली तशी आळीले ऐकू जाईल असं ओरडलो — झाकण उघडं टाकून गेलीस!

"लावलं होतं मी," ती म्हणाली. एकदाच.

शेजारीण दारातूनच म्हणे, "घरची लक्ष्मी घालवली व बाई तुनं!"

आठ दिवसांनी अनसूया आपणच म्हणाली, "राह्यलं असीन उघडं."

त्यानंतर ती बांधावरचे दगड उलटून पाही. खताले फावडं लावायच्या आधी हातानं चाचपे. लिंबोणीच्या बुडाशीही चाचपे — मी खाटेवर बसून पाहत होतो. घरातलं प्रत्येक झाकण दोनदा पाही, माठाचं, पिठाच्या डब्याचं. नऊ वर्षं. एक वाक्य बोलायले किती वेळ लागतो?

मागच्या पावसाळ्यात ती गेली. तीन गाठींची सुतळी माह्यापाशी हाये.

झाकण तिनं नीट लावलं होतं.