सात नंबरचे रुसलेले जिवाणू

प्रयोगशाळेत तिला सगळे अगारमावशी म्हणत. अगार म्हणजे समुद्री शेवाळापासून निघणारी जेली. ती समुद्राच्या पाण्यात विरघळवायची, त्यात जिवाणूंचा खाऊ घालायचा, शिजवून काचेच्या बशांत ओतायची, हे तिचं बावीस वर्षांचं काम. दिवसभर जंतूंसाठी रांधून घरी गेली की ती शेगडीकडे ढुंकूनही पाहत नसे. स्वयंपाक नवऱ्याकडे. "जंतूंचं भाग्य थोर!" तो म्हणायचा.

प्रयोगशाळेचे प्रमुख असलेल्या सरांनी समुद्रतळाच्या चिखलातून काही जिवाणू वेगळे काढून त्यांना नंबर दिले होते. सूक्ष्मदर्शकाखाली सगळे सारखेच, काडीसारखे लांबट, वळवळणारे. सरांनी त्यांना एकाच जुन्या प्रजातीत कोंबलं आणि शोधनिबंध लिहायला घेतला.

एका आठवड्यात समुद्राच्या पाण्याचे कॅन आलेच नाहीत. मावशीने साध्या पाण्यात मीठ मोजून घातलं आणि वेळ मारून नेली. बाकीचे जिवाणू भराभर वाढले, सात नंबरच्या बशा मात्र कोऱ्या करकरीत.

"मावशी, काय घातलंत यात?" सर कडाडले.

"सगळ्यांना एकाच भांड्यातलं वाढलंय. बाकीचे जेवले, हेच रुसले. स्वयंपाकिणीचा काय दोष?"

"जिवाणू रुसत नसतात!" सर तरातरा निघून गेले.

हे बोलणं मावशीच्या जिव्हारी लागलं. कॅन येताच तिने सात नंबरसाठी तीन तऱ्हेच्या बशा केल्या: समुद्राच्या पाण्याची, नुसत्या मिठाची, आणि मिठाबरोबर, समुद्राच्या पाण्यात असतं तसं, थोडं मॅग्नेशियम घातलेली. तीन दिवसांनी पहिली आणि तिसरी भरून आली, मधली कोरीच. तिन्ही तिने नेऊन सरांच्या निबंधावरच ठेवल्या.

"सर, यांचं घराणंच वेगळं. माझ्या दोन जावा पाठमोऱ्या अगदी जुळ्या दिसतात. पण एकीला दूध पचत नाही, दुसरीचं दुधाशिवाय भागत नाही. सारख्या दिसतात म्हणून काय त्या बहिणी झाल्या?"

सर हसले नाहीत. सात नंबरचा नमुना त्यांनी जनुकांच्या तपासणीला पाठवला. निकाल आला: सख्खे सोडाच, चुलतही नाहीत, फार तर लांबचे मामेभाऊ. ही नवीच प्रजाती होती!

सर स्वतः मावशीच्या खोलीत आले. "चुकलो, मावशी. नव्या जिवाणूला तुमचं नाव देऊ?"

"नको हो! तुम्ही नाव द्याल, लोक नावं ठेवतील."

"मग निबंधाच्या लेखकांत घालतो."

"ते घाला. पण शेवटी नको."

छापून आलं तेव्हा पाच जणांत तिचं नाव तिसरं होतं. ते तिने तीनदा वाचलं. मग वर छापलेल्या, जिवाणूच्या लांबलचक लॅटिन नावावर बोट ठेवून सरांना स्टुलावर बसवलं आणि अर्थ सांगितल्याशिवाय उठू दिलं नाही.

"समुद्रातली हट्टी काडी," सर म्हणाले.

हट्टी नेमकं कोण, हे तिने विचारलं नाही.