लीलाबाईंच्या दोन संस्था, एक जंगल

आमच्या संस्थेचे अहवाल वाळवीने कधीच खाल्ले. अहवालात जे बसलं नव्हतं, ते मात्र शाबूत आहे. आम्ही जुने सहकारी चंद्रपुरात कुणाच्या लग्नात नाहीतर मयतीला भेटतो. मग एकजण म्हणतो, "बाईचं ते आठवते का?" आणि पंगत उठली तरी आम्ही काही उठत नाही.

बाई म्हणजे लीलाबाई. आधी शाळेत शिक्षिका होत्या. ऐंशीनंतर नोकरी सोडून त्यांनी जंगल वाचवायची संस्था काढली. मी तिथे टायपिस्ट म्हणून लागलो आणि पहिल्याच आठवड्यात जीप ढकलायला शिकलो!

* * *

नोकरी का सोडली, त्याचा किस्सा.

बाईंची शाळा गडचांदूरकडे होती. जवळच चुनखडीची खाण. एक दिवस तिसरीच्या वर्गात त्यांनी विचारलं, "झाडाचं पान कोणत्या रंगाचं असते?"

एक मुलगी उठली. "कवा, बाई?"

"कवा म्हणजे?"

"पानी पडल्यावर हिरवं अस्ते. बाकी टायमाले पांढरं."

बाईंनी खिडकीतून पाहिलं. अंगणातला कडुनिंब पिठात बुडवून काढल्यासारखा उभा होता.

"उत्तर बरोबर होतं," त्या आम्हाला सांगायच्या. "त्याचीच भीती वाटली."

* * *

पहिली सभा पोंभुर्ण्याच्या पुढे, जंगलातल्या एका टोल्यावर, दहा-बारा घरांच्या वस्तीत. बाई नव्या होत्या, भाषण पाठ करून आल्या होत्या. पर्यावरण धोक्यात आहे, पर्यावरण सांभाळलं पाहिजे, असं बराच वेळ चाललं. लोक माना डोलवत होते.

शेवटी एक गोंड आजोबा उठले. "बाई, सारं समजलं. पन हा पर्यावरन साहेब येनार कवा? अन् त्याले बी कोंबडा द्या लागंल का?"

आम्ही तोंडं फिरवून हसलो. बाई हसल्या नाहीत. भाषणाचा कागद घडी करून पर्समध्ये ठेवला, खाली सतरंजीवर बसल्या आणि म्हणाल्या, "बाबाजी, आतापर्यंत कोनाकोनाले द्यावा लागला, ते सांगा."

सभा खरी तिथून सुरू झाली. तो शब्द बाईंनी पुन्हा कुठल्याही गावात वापरला नाही.

* * *

जिल्हा एकच होता, त्याचे दोन झाले. गडचिरोली वेगळं निघालं. एका कार्यालयातले साहेब म्हणाले, "तुमची संस्था चंद्रपूरची. तिकडे काम करायचं तर तिकडची संस्था पाहिजे."

बाईंनी तिकडची संस्था काढली. तिथेही अध्यक्ष त्याच, टायपिस्ट मीच, आणि जीपही तीच. वैनगंगा ओलांडली की आम्ही फक्त पाटी बदलायचो!

पुढे तपासणीला एक अधिकारी आले. गंभीरपणे विचारलं, "या दोन संस्थांचे आपसांत संबंध कसे आहेत?"

बाई तेवढ्याच गंभीरपणे म्हणाल्या, "बोलणंचालणं आहे, साहेब."

* * *

मग धरणाचं आलं. वीज होणार होती, आणि पुष्कळ गावं जंगलासकट पाण्यात जाणार होती. बाई विरोधात उभ्या राहिल्या. घरी पंचाईत अशी, की त्यांचा धाकटा भाऊ प्रभाकर वीज केंद्रात नोकरीला, आणि बाई त्याच्याच घरी राहायच्या.

चंद्रपूरच्या सभेत प्रभाकरभाऊच उठला. "ताई, आपल्या घरचा लाईट कशावर जळते, ते सांग ना यायले!"

बाई म्हणाल्या, "जळते, भाऊ. पन त्याच्यासाठी आपलं घर नाई बुडालं."

त्या दिवसापासून एका छताखाली दोघांचं बोलणं बंद. वहिनी मधे निरोप्या.

पुढे मोर्चात आम्हाला अटक झाली. बाई पोलीस ठाण्यात बाकड्यावर बसून होत्या. दुपारी दारात प्रभाकरभाऊ उभा, ड्युटीच्याच कपड्यांत, हातात डबा.

त्याने डबा पुढे केला. "तू चुकीचीच हायेस, ताई. पयले जेवून घे."

बाईंना आम्ही रडताना पाहिलं ते तेव्हा.

* * *

आणि अनसूयाचं. हे आम्ही सहसा सांगत नाही.

गडचिरोलीकडच्या एका गावात अनसूया मडावी नावाची बाई होती. जंगलतोडीविरुद्ध बायकांना तिने उभं केलं. ठेकेदाराची माणसं आली की पहिला आवाज तिचा. बाई म्हणायच्या, "माझ्यामागं संस्था तिच्या हाती द्यायची."

उन्हाळ्यात मोहफुलं वेचायला गेली असताना अनसूयाला वाघाने मारलं.

आम्ही पोचलो तेव्हा तिला अंगणात ठेवलं होतं. बाई पुढे झाल्या. तिचा नवरा मारोती आडवा आला.

"जंगल वाचवा म्हनून तूच सांगतलं ना तिले? वाचलं जंगल. आता या गावात पाय नको ठेवू."

बाईंनी हात जोडले आणि मागे फिरल्या. पुढे कित्येक महिने आम्ही त्या गावाला गेलो नाही. बाई संस्था बंद करायचं बोलू लागल्या.

हिवाळ्यात निरोप आला. ठेकेदाराचे ट्रक गावात शिरत होते. निरोप कोणी धाडला, ते कळलं नाही. बाई म्हणाल्या, "मला तिथं बंदी आहे." तरी जीपमध्ये बसल्या.

गावाच्या तोंडाशी ट्रक अडलेले. समोर रस्त्यात एकटा मारोती मांडी घालून बसलेला. बाकी गाव बाजूला उभं.

ठेकेदाराचा माणूस त्याला समजावत होता. "अरे, वाघानं तुझी बायको नेली. जंगल गेलं तर वाघ बी जाईल. तुले तं बरंच हाय ना?"

मारोतीने वर पाहिलं. "ते जंगलातच गेली, साहेब. तुमी जंगल नेलं, तं मी तिले कुठी भेटू?"

ट्रकवाल्याने इंजिन बंद केलं.

बाई जीपजवळच थांबल्या होत्या, वेशीच्या अलीकडे. मारोतीने त्यांना पाहिलं. बसल्या जागी थोडा बाजूला सरकला.

बाई चालत गेल्या आणि त्याच्या शेजारी मातीत बसल्या.