टीव्हीला उठवणारा संगणक

काष्टीजवळच्या वस्तीवर माझा एक शेजारी आहे. यंत्र बिघडलं असं तो कधी म्हणत नाही, रुसलंय म्हणतो. विचार करताना रिमोट कपाळाला लावतो.

त्यानं टीव्हीच्या मागं पत्त्यांच्या कॅटाएवढा संगणक बसवलाय, जुनी गाणी ऐकायला. पण लाईट जाऊन आली, की संगणक आपोआप सुरू व्हायचा, वायरीतूनच टीव्हीलाही जागं करायचा आणि सगळ्या वस्तीभर पहिल्या गाण्यातली सनई वाजायची.

"मंजी कसंय बाई, ह्यो उटला की त्येला बी उटवतोय. एकट्याला करमत न्हाई."

तो बरेच दिवस वायरी बदलत, सेटिंग चाळत बसला. शेवटी एका चौकटीतली खूण काढली आणि टीव्ही गुमान झोपून राहिला. त्या आनंदात त्यानं मला चहा पाजला.

दुसऱ्याच दिवशी त्याची चुलती दारात आली.

"आरं, तुजी सनई वाजली न्हाई. लाईट आल्याली मला कळावं कसं? मोटार टाकायची ऱ्हायली, कांदं सुकाय लागलं."

तिच्यामागं आणखी दोघं तीच तक्रार घेऊन उभे होते. आता हा त्यांना बाहेर एक बल्ब लावून ठेवायला सांगेल, असं मला वाटलं. त्यानं रिमोट कपाळाला लावला, आत गेला, काढलेली खूण पुन्हा टाकली आणि मेन स्विच बंद करून चालू केला. सनई सुरू झाली. त्यानं आवाज आणखी वाढवला.

"मंजी कसंय बाई," तो म्हणाला, "आता झाला दुरुस्त."