चुनखडीवरचा लेप

रसायनशास्त्र शिकून मी जुनी शिल्पं राखणाऱ्या एका सरकारी खात्यात लागले, तेव्हा दगडाला पॉलिमरचा लेप देणं मोठं काम समजलं जायचं. अ‍ॅक्रेलिकचे दाणे टोल्युइनमध्ये विरघळवायचे आणि ते द्रावण मऊ ब्रशनं दगडावर फिरवायचं. धूळ बसत नाही, पाणी मुरत नाही. नामपल्लीच्या आमच्या कचेरीत भिंतीत बसवलेली एक चुनखडीची बुद्धशिला होती. ती मीच लेपली. आमचं घर बौद्ध, मूळचं नांदेडकडचं. वडील बरकतपुऱ्याहून मुद्दाम ती पाहायला आले, बराच वेळ हात जोडून उभे राहिले.

पुढं राज्याची दोन राज्यं व्हायची ठरली आणि खात्यातल्या वस्तूंच्याही वाटण्या सुरू झाल्या. शिला किनाऱ्याकडच्या जिल्ह्यात सापडलेली, म्हणून तिकडच्या राज्यात जाणार होती. तिची अवस्था नोंदवायला मी टॉर्च तिरपा धरला, तर बुद्धाच्या खांद्यावरचा लेप पांढुरका होऊन फुगलेला. बोट लावलं तशी नखाएवढी खपली निघाली. तिच्या आतल्या बाजूला दगड चिकटून आला होता.

भिंतीची ओल मागून येत होती आणि पुढची वाट मी बंद केली होती. ओलीतला क्षार लेपाखाली साचून दगड फोडत होता. मी खपली तळहातावर घेऊन तशीच बसले.

आमचे वरिष्ठ तेलुगू होते, त्यांचीही बदली तिकडेच ठरलेली. ते खपली पाहून इकडच्या दखनी उर्दूत म्हणाले, "रहने दो अम्मा. पत्थर तो उधर जारा. कौन पूछता?"

"उधर आपीच रहते ना सर. आपकोच पूछते."

मी अहवालात लिहिलं, ओल न तपासता लेप दिला, तो मी दिला. दुसऱ्या दिवशी सर कापसाचा गठ्ठा घेऊन आले.

शिला भिंतीतून काढून घेतली. बांबूच्या काडीला कापूस गुंडाळून, लेप विरघळवणाऱ्या अ‍ॅसिटोनमध्ये बुडवून, न घासता नुसता फिरवायचा. डावी बाजू सरांनी घेतली, उजवी मी. नंतर शुद्ध पाण्यात भिजवलेला कागदाचा लगदा थापला. तो वाळताना क्षार ओढून घ्यायचा. कितीतरी आठवडे आम्ही हेच करत होतो.

घरी सांगायला मला उशीर झाला. वडिलांनी जेवता जेवता ऐकलं.

"मग आता तशीच उघडी राहणार?"

"हो. कोरड्या जागी उघडीच बरी."

"किती गेलं?"

"खांद्याची कड गेली."

त्यांनी मान हलवली आणि पुढचा घास घेतला.

शिला पेटीतून गेली, मागोमाग सरही. काही महिन्यांनी त्यांचा फोन आला. शिला भिंतीपासून लांब, लाकडी चौथऱ्यावर ठेवली होती. रोज सकाळी ते खाली काळा कागद पसरून संध्याकाळी पाहायचे. महिनाभर त्यावर दगडाची भुकटी पडली नव्हती. मग म्हणाले, इथं दखनी बोलायला कुणी नाही, आणि अर्धा तास माझ्याशी बोलत राहिले.