नानांच्या पायाला खळी पडली

माझे वडील आजारी पडले तेव्हा आम्ही पेढे वाटले. आनंदाने वाटले. कल्पना माझी होती.

आमचं गाव पेठ, पुणे-नाशिक रस्त्यावरचं. मी मात्र मस्कतला शिवणकाम करतो. शाळा सातवीत सोडली, कारण अपूर्णांक डोक्यात शिरेनात. तेव्हापासून टेपवरचे सव्वा, दीड, पावणेदोन मोजत बसलोय! इकडची माणसं पायघोळ झगे घालतात. झग्यात माप चुकलं तरी कुणाला दिसत नाही. (म्हणून तर टिकलो. मालकाचे उपकार, त्याने अजून माझ्या हातात सदऱ्याचं कापड दिलेलं नाही.)

नानांना, म्हणजे माझ्या वडिलांना, कितीतरी वर्षं साखर. उमेदीत कांद्याच्या गोण्या पाठीवर वाहिलेला माणूस, साखरेनं वाळत वाळत पार काठी झाला होता. गावाकडचं कोणीही फोनवर भेटलं की पहिलं वाक्य ठरलेलं, "पोरगं परदेशात अन् बाप असा? खायाला मिळतं का न्हाई त्यास्नी?" त्या दिवशी मी डबा तसाच परत न्यायचो.

आणि मग एक दिवस आईचा फोन!

"आरं, नाना भरलं!"

"भरलं म्हंजी?"

"अंग धरलंय त्यांनी. सदऱ्याची बटणं लागंनात!"

मला दुकानातच रडू आलं. आईला म्हटलं, आत्ताच्या आत्ता आळीत पेढे वाट. तिनं वाटले. नानांनीही एक खाल्ला, "पोराच्या आनंदाचा हाय, नगं कसं म्हनू?"

आता बापाला नवा सदरा नको? व्हिडिओ कॉलवर आईनं दोऱ्यानं मापं घेतली. पोट घेतलं, गळा घेतला.

"दंड घे," मी म्हणालो.

"तिथं काय न्हाई घ्याजोगं," आई म्हणाली.

कुठलाही शिंपी तिथंच थबकला असता. पोट वाढतंय आणि दंड सुकतोय, हे कसलं अंग धरणं? मी कात्री चालवली!

गावी निघालेल्या एका माणसाजवळ सदरा धाडला. तो पोचेपर्यंत नाना त्यात मावेनात. दुसरा शिवला, मोठा. आई रोज नवी खूशखबर द्यायची. नानांच्या चपला होईनात. नानांचा चेहरा कसा गुबगुबीत झालाय. आणि एकदा तर, "आरं, पायाला बोट दाबलं ना, की खळी पडतीया! लहान लेकरावानी!"

"गालाला पडती तशी?"

"त्याहून खोल. लवकर जात बी न्हाई!"

मी ही खळी दुकानभर सांगितली. नाना आडवे झाले की दम लागतो, म्हणून उशा रचून बसल्या बसल्या झोपतात, असंही आई म्हणाली. मी म्हणालो, "आता शेठ झालं नाना. शेठ लोक टेकूनच बसत्यात!" आणि तिसरा सदरा बेतायला घेतला.

माझी धाकटी बहीण सुनंदा अवसरीला दिलेली. ती एकदा घरी आली, नानांकडे पाहिलं आणि तिथूनच मला फोन लावला.

"दादा, बापाचं पोट माठावानी झालंय अन् हात चिपाडावानी. तू शिंपी हाईस का कोण रं?"

तिनं त्याच दिवशी नानांना गाडीत घातलं आणि मंचरला दवाखान्यात नेलं. मी तिच्या मोबाइलमध्ये, व्हिडिओ कॉलवर, उभा!

तरुण डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बाबा, नाडी बघू."

नानांचा हात थेट लेंग्याकडे गेला. "त्येच सांगाया आलोय, बाई. नाडी आवळंना झालीया!"

सगळे हसले. मी इकडे हसलो. डॉक्टरीणबाईही हसल्या, खाली वाकल्या, नानांच्या पायावर अंगठा दाबला. खळी पडली. ती तशीच राहिली. बाईंचं हसू थांबलं.

"हे मांस नाही," त्या म्हणाल्या. "पाणी आहे."

तपासण्या झाल्या. हृदयाच्या नळ्या साफ निघाल्या. "मग झालं तर!" मी मोबाइलमधून ओरडलो. बाई शांतपणे म्हणाल्या, "नळ्या साफ आहेत, पण हृदयाचा स्नायूच दमलाय. इतकी वर्षं साखर वाढलेली, तिनं तो आधी ताठ केला, मग कमजोर केला. रक्त पुढं नीट ढकललं जात नाही, म्हणून पाणी साचतंय."

"पर छातीत कवाच दुखलं न्हाई," आई म्हणाली.

नाना मात्र विचारात पडले. "काळजाला बी दंड असतो व्हय? मंग माझ्या दंडासंगं त्यो बी वाळला म्हनायचा."

बाईंनी गोळ्यांची चिठ्ठी लिहायला घेतली.

गोळ्यांनी पाणी उतरलं. रोज सकाळी वजन करा, एकाएकी वाढलं तर लगेच या, असं बाईंनी बजावलं होतं. मग आमच्या घरचं सगळंच उलटं झालं! आई म्हणायची, "आज वाढलं न्हाई!" आणि मी मस्कतमध्ये टाळ्या पिटायचो. दुसरा सदरा घालून नाना म्हणाले, "ह्यात मी अन् तुजी आय दोघं ऱ्हातो. वर एक भाडेकरू ठेव." ते हसरे महिने आम्हाला मिळाले ते सुनंदामुळे. तिच्या ऋणातून मी सुटणार नाही.

थंडीत एका सकाळी, वजनकाट्यावर चढायच्या आधीच, नाना गेले.

मालकानं एक शब्द न विचारता तिकीट काढून दिलं. तरी मी पोचलो तो थेट पुण्यानुमोदनालाच, आम्हा बौद्धांच्या दिवसकार्यालाच. माणसं पांगल्यावर आईनं ट्रंकेतून मी मागाहून धाडलेला, सगळ्यांत मोठा, तिसरा सदरा काढला. घडी न मोडलेला.

"त्यांनी घातला न्हाई. तू घाल."

घातला. बटणं वरपासून खालपर्यंत लागली. पोटावर सुरकुती नाही, ताण नाही! आई बघत राहिली. सुनंदाही बघत राहिली, पण वेगळं.

"दादा, पाय दाखव."

तिनं अंगठा दाबला. आम्ही तिघं वाकून बघत होतो. खळी पडली नाही! मी इतका हरखलो की पेढे आणायलाच निघालो. सुनंदानं दारात कॉलर धरली. "पेढं ऱ्हाऊ दे. उद्या उपाशीपोटी साखर तपासायची."

ट्रंकेच्या झाकणातल्या आरशात मी स्वतःला पाहिलं. इतक्या वर्षांत हा एकच सदरा मी मापात बरोबर शिवला होता. फक्त माणूस चुकला.